मदत हवी आहे: संध्याकाळच्या भुकेसाठी कमी कॅलरीचं, पण चमचमीत काय?

वजन कमी करायचं आहे. दोन्ही जेवणं आटोक्यात आहेत, घोळ संध्याकाळी 6 ला होतो. फळं आणि उकडलेली कडधान्यं सुचवू नका, कुरकुरीत आणि तिखट हवं आहे. दोन गोष्टी करून पाहिल्या, दोन्ही फसल्या. कमी तेलातलं भडंग तासाभरात मऊ पडतं आणि मुगाचं धिरडं तव्याला चिकटतं. साधारण 200 कॅलरींत बसेल असं सांगा. मखाणे चालतील का?

प्रतिसाद 1

भडंग सोडू नका, क्रम बदला. 30 ग्रॅम चुरमुरे घ्या (वजन करूनच, कारण मूठ प्रत्येकाची वेगळी). त्यांच्या साधारण 120 कॅलरी होतात. आधी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर 4-5 मिनिटं कोरडेच भाजा. बोटांत चुरडल्यावर भुगा झाला की ताटात पसरून गार करा.

मऊ पडायचं खरं कारण म्हणजे कढीपत्ता आणि लसूण. त्यांच्यातलं पाणी फोडणीत पुरतं उडालं नाही तर ते चुरमुऱ्यांत उतरतं. कढीपत्ता धुतला असेल तर फडक्याने कोरडा पुसा. 5 मिलीच्या मोजमापाच्या चमच्याने एक चमचा तेल (40 कॅलरी) घ्या आणि छोट्या कढल्यात फोडणी करा, म्हणजे तेवढं तेल पुरतं. मोहरी तडतडली की ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत आणि कढीपत्ता कडक होईपर्यंत परता. मग गॅस बंद करून हळद, तिखट, मीठ घाला. तिखट चालू गॅसवर घातलं तर जळतं आणि कडवट लागतं.

शेंगदाणे मोजून 10 ग्रॅम, म्हणजे आणखी 57 कॅलरी. त्याऐवजी तेवढेच फुटाणे घातले तर 37 च्या आसपास. चवीत फरक पडतो, हे मान्य.

प्रतिसाद 2

मखाण्यांचं कौतुक जरा जास्तच चाललंय. वजनाला वजन धरलं तर ते आणि चुरमुरे जवळपास सारखेच, 100 ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे कॅलरी. वर तुपात परतले की संपलंच. पाकिटावर 'डाएट' लिहिलेला चिवडाही मागची बाजू वाचूनच घ्या, 100 ग्रॅममागे स्निग्धांश 20 ग्रॅमच्या वर असेल तर तो चिवडाच, नाव काही का असेना.

पोट भरायचं असेल तर ओली भेळ उत्तम. 25 ग्रॅम चुरमुरे आणि 150 ग्रॅम कांदा, टोमॅटो, काकडी, कैरी. शेव फक्त वरून एक छोटा चमचा. काकडीच्या बिया काढा आणि मीठ अगदी शेवटी घाला, नाहीतर पाणी सुटून लगदा होतो. चिंचेच्या चटणीत गूळ किती जातो तेही बघा.

प्रतिसाद 3

धिरड्याबद्दल: 50 ग्रॅम हिरवे मूग (कोरडे वजन) 6-8 तास भिजवा आणि आलं, मिरची, जिरं घालून वाटा. 170 कॅलरी आणि जवळपास 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात. वाटताना पाणी बेतानेच. पीठ पळीवरून धारेने पडलं तर ते पातळ झालं, चिकटणारच. अशा वेळी चमचाभर तांदळाचं पीठ घाला, कडाही कुरकुरीत होतात. किसलेला दुधी घालायचा तर पिळून, तोही तव्यावर टाकायच्या अगदी आधी.

तवा बिडाचा असेल तर अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात जेमतेम बुडवा आणि तव्यावर फिरवा. पाण्याचा थेंब नाचला पाहिजे. पीठ पसरलं की आच मंद, झाकण 2 मिनिटं. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. बहुतेकांची धिरडी इथेच, घाईने मोडतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, कढीपत्त्याचं लक्षातच आलं नव्हतं. उपवासाच्या दिवशी काय? आणि भडंग किती दिवस टिकेल?

प्रतिसाद 2

साबुदाण्याची खिचडी या हिशोबात बसत नाही. 50 ग्रॅम साबुदाणा 175, 30 ग्रॅम कूट 170, मोठा चमचाभर तूप 120 च्या आसपास. त्यापेक्षा 40 ग्रॅम वरीचे तांदूळ तिप्पट पाण्यात मऊ शिजवा आणि सोबत दह्यातली काकडी घ्या, कूट एकच चमचा.

प्रतिसाद 1

पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात 4-5 दिवस. कोमट असताना झाकण लावलं तर वाफ आतच राहते. नरम वाटलं तर मंद आचेवर 2 मिनिटं परता, तेल पुन्हा घालू नका.