ठाणे सोडून सावंतवाडी की चिपळूण? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला वन बीएचकेचं भाडं २८ हजार. नवीन करारात मालकांना ३१ हवेत. माझं काम घरून चालतं, महिन्यातून एकदाच ऑफिसला जावं लागतं. मग इथे राहायचं तरी कशाला, असं आता आम्हा दोघांनाही वाटतं.

चिपळूण मुंबईला जवळ, पण जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर आठवतो. तिथल्यांनी सांगावं, बाजारपेठेपासून लांब, उंचावर भाड्याने घरं मिळतात का? सावंतवाडीला मन जास्त ओढतंय. बायकोचं माहेर बांद्याला, तुतारी एक्स्प्रेस रात्री दादरला बसलं की थेट सावंतवाडी रोड. (स्टेशन गावापासून लांब आहे, हे ठाऊक आहे!)

खरी काळजी आईची. ती ७२ वर्षांची, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. सिंधुदुर्गातले बरेच पेशंट गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेतात असं ऐकतो. रात्री-अपरात्री वेळ आली तर प्रत्यक्षात काय करता? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

आणि पावसाळ्यात वीज किती तास जाते? इन्व्हर्टरवर राउटर नि लॅपटॉप दिवसभर निभावतो का? सासरे म्हणतात, "जावईबापू, आधी एक आषाढ काढून बघा, मग सामान हलवा." त्यांचं पटतंय, पण करार ऑगस्टअखेर संपतोय.