मदत हवी आहे: व्हिनाइलसाठी स्टिरिओ बास मोनो केला की ड्रोनच गायब होतो

आठ जणांनी मिळून केलेला अँबियंट रीमिक्स अल्बम 12 इंची एलपीवर, 33⅓ आरपीएमला काढायचा आहे. साइड ए 23:40, साइड बी 21:15. ट्रॅक एकमेकांत विरघळतात, म्हणून प्रत्येक बाजूची एकच सलग 24-बिट वेव्ह फाइल देणार आहोत. लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) लावलेला नाही.

अडचण साइड एच्या शेवटच्या नऊ मिनिटांच्या ट्रॅकची आहे. त्यातला 45 हर्ट्झच्या आसपासचा ड्रोन (सतत चालणारा खोल सूर) डाव्या-उजव्या चॅनलमध्ये जवळपास उलट्या फेजमध्ये आहे, म्हणजे एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. कोरिलेशन मीटर (दोन चॅनल किती जुळतात ते अधिक 1 ते उणे 1 मध्ये दाखवणारा) उणे 0.6 पर्यंत जातो. असा बास सुईला वर-खाली हलवतो, खाच उथळ होते आणि सुई उडू शकते. 150 हर्ट्झखाली मोनो केलं (दोन्ही चॅनल एकत्र मिसळले) तर दोन्ही चॅनल एकमेकांना खोडतात आणि ड्रोनच उरत नाही. एका चॅनलची पोलॅरिटी उलटवली तर बास सावरतो, पण वरचे पॅड (लांबणारे मऊ सूर) मधोमध पोकळ वाटतात. स्टेम्स (प्रत्येक आवाजाचे सुटे ट्रॅक) मिळणार नाहीत, मूळ प्रोजेक्ट फाइल हरवली आहे.

ट्रॅक बाहेरच्या खाचेकडे नेता येत नाही, कारण क्रम ठरलेला आहे. डबल एलपीचं बजेट नाही. लेव्हल आणखी कमी केली तर शांत जागी पृष्ठभागाची खरखर वर येईल, आणि अँबियंटमध्ये तीच सगळ्यात खटकते.

आता विचार असा आहे: 120 हर्ट्झखाली फक्त डावा चॅनल घेऊन तो दोन्हीकडे द्यायचा, वरचं स्टिरिओ तसंच ठेवायचं. क्रॉसओव्हरच्या जागी (जिथे खालचा आणि वरचा भाग जुळतो) फेजची गडबड होऊ नये म्हणून लिनियर-फेज फिल्टर (सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर देणारा) वापरावा का, की त्याचं प्री-रिंगिंग (मूळ आवाजाच्या आधी येणारा हलका घुमारा) इतक्या संथ ड्रोनमध्येही ऐकू येईल?