एकट्याने एचआर सांभाळताय? अडलं तर विचारता कुणाला?

एकांडी_एचआर:
आमची कंपनी ४२ माणसांची. एचआर म्हणजे मी. मुळात अकाउंट्सला लागले होते. आधी पगारपत्रक आलं, मग रजेचा हिशोब, मग भरती, असं करत करत सगळंच माझ्या टेबलावर. कामाचं काही नाही हो, पण अडलं तर विचारायला शेजारी कुणी नाही.

गेल्या महिन्यात एका मुलीने वरिष्ठाबद्दल तक्रार केली. वरिष्ठ म्हणजे मालकांचा आतेभाऊ. ती बाहेर पडते न पडते तोच मालक दारात, "काय म्हणत होती?" मी "रजेचं विचारत होती" असं ठोकून दिलं. रात्री एचआरवाल्यांच्या एका मोठ्या ग्रुपवर सगळं लिहिलं, कंपनीचं नाव न घेता. तासाभरात तिघांनी चांगले सल्ले दिले आणि चौथीने खाजगीत विचारलं, "तुमचा माल आम्हीच उचलतो ना?" पोटात गोळाच आला. पोस्ट उडवली.

गुप्तता पाळून सल्ला घेणं तुम्ही कसं जमवता?

जुनं_खोड:
ताई, नाव झाकलं म्हणून ओळख झाकत नाही. '४२ माणसं, मालकाचा आतेभाऊ' एवढ्यावर तुमच्या धंद्यातलं कुणीही ओळखेल. मी प्रश्न टाकताना माणसं काढून टाकतो, फक्त पायरी विचारतो. 'तक्रार मालकाच्या नातेवाइकाविरुद्ध असेल तर चौकशी कुणी करायची?' बस. उत्तर तेच मिळतं: बाहेरचं माणूस नेमा, आणि तक्रार आधी लेखी घ्या.

दुसरं, मोठ्या ग्रुपवर नोटीस पिरियडसारखं विचारावं, असलं नाही. आमचं पाच जणांचं टोळकं आहे, पाचही वेगळ्या धंद्यांतले. महिन्यातून एकदा तासभर फोन, प्रत्येकाने एकच अडचण आणायची. पहिले दोन महिने नुसते मालकांच्या नावाने खडे फोडले. तिसऱ्यांदा एकीने ताकीदपत्राचा मसुदा वाचून दाखवला. त्यात एवढंच, 'आपली वर्तणूक समाधानकारक नाही.' कुठल्या तारखेला काय केलं, त्याचा पत्ता नाही! चौघांनी तिला फाडून खाल्लं. खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

कॉपीपेस्ट_पस्तावा:
ग्रुपवरच्या तयार टेम्प्लेटना मात्र जपा. मी एक रजा पॉलिसी उचलली. आम्ही सगळे मिळून १८, आणि पॉलिसीत विभागप्रमुख, त्यावर प्रादेशिक व्यवस्थापक, त्यावर अपील समिती. वर नवव्या कलमात मूळ कंपनीचं नाव तसंच राहिलेलं. ते दाखवलं आमच्या ड्रायव्हरने, साहेबांनी सही करून झाल्यावर. आता मसुद्यातल्या प्रत्येक पदापुढे आमच्यातल्या कुणाचं नाव लिहिता येतंय का, ते आधी बघते.

सभासद_क्रमांक_विसरलो:
एचआरवाल्यांच्या व्यावसायिक संस्थांचंही बघा. अमेरिकेतली एसएचआरएम, ब्रिटनमधली सीआयपीडी, यांच्या सभासदांना सल्लागाराला प्रश्न विचारायची सोय असते. सीआयपीडीचं मूळ १९१३ सालचं, यॉर्कमधलं. तेव्हाचं नाव वेल्फेअर वर्कर्स असोसिएशन. कारखान्यांत कामगार-कल्याणासाठी नेमलेली मंडळी, त्यात बायकाच जास्त. म्हणजे ताई, तुमचं दुखणं शंभर वर्षांहून जुनं आहे.

पण कायदा जिथला तिथला, तेव्हा आपल्याच देशातली संस्था धरा. शिवाय सल्लागार कलम सांगेल. दारात उभ्या मालकाला काय सांगायचं, ते जुन्या खोडासारखेच सांगू शकतात. जाता जाता: मालक 'एकदाच झालं ना' म्हणाले, तर आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, कामावरच्या छळाबद्दलचा २०१९चा १९० क्रमांकाचा करार माहीत असू द्या. तो स्वीकारलेल्या देशांनाच बांधतो, पण छळाच्या त्याच्या व्याख्येत एकदा घडलेली घटनाही बसते.

एकांडी_एचआर:
काल मालकांना सांगितलं, त्या दिवशी खोटं बोलले. तक्रार आहे, तपशील सांगणार नाही, चौकशीला बाहेरचं माणूस लागेल. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "खर्च किती?" नाही म्हणाले नाहीत, एवढं खरं.

खोडकाका, तुमच्या टोळक्यात सहावीला जागा आहे का?

जुनं_खोड:
नाही. सहावं आलं की तास पुरत नाही. तुमचे चार तुम्ही शोधा, पहिल्या फोनला मी येतो. फक्त ती माल उचलणारी नको.