फ्लास्कच्या सर्व्हिसला साधं लॉगिन कसं लावू? (सांगली, बेदाणा कोल्ड स्टोरेज)

काटा_सांगली: नमस्कार मंडळी, एका कोल्ड स्टोरेजचं काम घेतलंय. तीन वजनकाटे, प्रत्येकाला एक जुना पीसी, बॉक्स काट्यावर ठेवला की पायथनची स्क्रिप्ट वजन फ्लास्कवर (पायथनचं वेबसाठीचं फ्रेमवर्क) केलेल्या सर्व्हिसला पाठवते आणि शेतकऱ्याच्या खात्यावर नोंद पडते. पण कुलूपच नाही. काल घरनं मोबाईलवरून १५ किलोच्या बॉक्सला ९९ किलो टाकून बघितलं तर गपगुमान घेतलं! लोकांच्या वर्षभराच्या मालाचा हिशोब आहे, झोप लागेना. साधं काहीतरी सुचवा, खर्च सर्व्हर धरून महिना ५०० च्या आत.

विश्रामबाग_डेव्ह: जेडब्ल्यूटी (सर्व्हरनं सही करून दिलेलं टोकन, म्हणजे ओळखपत्र) लाव डोळे झाकून. आमच्याकडं सगळीकडं तेच आहे, १२ सर्व्हिस चालतात.

मिरजकर: तीन काट्यांना जेडब्ल्यूटी कशाला दादा? बेसिक ऑथ (दर वेळी नाव-पासवर्ड पाठवायचा) लावा. मिगेल ग्रिनबर्गची फ्लास्क-एचटीटीपीऑथ लायब्ररी आहे, फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहायची की झालं. पासवर्ड मात्र तसाच ठेवू नका, वर्कझूग लायब्ररीतलं हॅश करायचं (म्हणजे परत उलटं न करता येणारा ठसा काढायचं) फंक्शन फ्लास्कबरोबर आलेलंच असतं.

कराडचा_भाऊ: बेसिकमध्ये पासवर्ड उघडा जातो.

मिरजकर: उघडा कुठं, बेस६४ करून जातो की.

कराडचा_भाऊ: बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे ओ, मोडीतलं देवनागरीत लिहिल्यासारखं आहे ते, कुणीपण एका ओळीत उलटं करतंय. एचटीटीपीएस (वाटेतली देवाणघेवाण कुलूपबंद करणारं) नसेल तर बेसिक लावून उपयोग शून्य. त्यासाठी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, फक्त ९० दिवसांचं असतं, त्यामुळं रिन्यू आपोआप होईल असं लावा. माझं एकदा ऐन दिवाळीत संपलं आणि गिऱ्हाईकानं सकाळी सहाला फोन केला.

साताऱ्याची_पोर: मी तर तयार लॉगिनची सेवा घेतली, महिना दोन-अडीच हजार जातात पण डोक्याला ताप नाही. घेऊन टाका.

काटा_सांगली: ताई, बजेट ५०० आहे.

साताऱ्याची_पोर: हो, पण मनःशांती बघा ना.

इस्लामपूर_९०: जँगोवर (पायथनचंच दुसरं वेब फ्रेमवर्क) या, त्याच्या रेस्ट फ्रेमवर्कमध्ये टोकन ऑथ आयतं मिळतं. आणि हो, एचटीटीपीएस लावा.

विश्रामबाग_डेव्ह: ते टोकन आपणहून एक्स्पायर होत नाही. जेडब्ल्यूटीला मुदत घालता येते.

कृष्णाकाठ: मुदतीचंच सांगतो. आधीच्या नोकरीत एकाला काढलं, त्याचं जेडब्ल्यूटी ३० दिवसांचं, सर्व्हरवर त्याची नोंदच नाही, मग रद्द काय करणार? शेवटी सही करायची सिक्रेट की बदलली आणि सगळी कंपनी लॉगआउट. आणखी एक, अपाची वेब सर्व्हरवर मॉड-डब्ल्यूएसजीआय (पायथन चालवायचं मॉड्यूल) असेल तर पासवर्ड नेणारं ऑथरायझेशन हेडर फ्लास्कपर्यंत पोचतच नाही, ‘डब्ल्यूएसजीआय-पास-ऑथरायझेशन ऑन’ लिहावं लागतं. माझ्या दोन रात्री गेल्या त्यात, पासवर्ड बरोबर आणि तरी ४०१ (म्हणजे ‘ओळख पटली नाही’).

मिरजकर: म्हणून तर म्हणतोय, बेसिक आणि एचटीटीपीएस, विषय संपला.

काटा_सांगली: सगळ्यांचे आभार. तुमचं कुणाचंच पूर्ण नाही घेतलं. काट्यावर हंगामात माणसं बदलत राहतात, मग युजर-पासवर्ड कुणाला द्यायचा? म्हणून किल्ली माणसाला नाही, काट्याला दिली. पायथनच्या सिक्रेट्स मॉड्यूलमधून ३२ बाइटची किल्ली काढली, प्रत्येक पीसीला वेगळी, ती स्वतंत्र हेडरातून जाते म्हणजे ते अपाचीचं लचांडही नाही. सर्व्हरवर एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये नुसता तिचा शा-२५६ हॅश. उद्या दोन नंबरचा पीसी चोरीला गेला तर तेवढी ओळ बंद, बाकी दोन काटे चालू. कराडच्या भाऊंचं एचटीटीपीएस मात्र लावलं, रिन्यूच्या टायमरसकट.

कराडचा_भाऊ: पासवर्डला शा-२५६ नाही चालत हं, तिथं एस-क्रिप्टसारखं (scrypt) मुद्दाम संथ हॅशच पाहिजे. किल्ली लांब आणि रँडम आहे म्हणून ठीक.

काटा_सांगली: बरोबर. आत्ता यार्डातनं आलो. तीन नंबरच्या किल्लीचं एक अक्षर चुकवून वजन पाठवलं, ४०१ आला. परत मोबाईलवरून ९९ किलो टाकलं, तिथंही ४०१.

विश्रामबाग_डेव्ह: चांगलं झालं. तरी वर्षभरानं जेडब्ल्यूटीवरच येशील बघ.