अटलांटिक ओलांडताना बोटीवरचे तीन आठवडे: झोप, पाणी आणि पहारे

मांडवीकाठ:

नमस्कार. येत्या नोव्हेंबरअखेर मी कॅनरी बेटांवरील लास पाल्मासहून कॅरिबियनमधील सेंट लुसियापर्यंत शिडाच्या बोटीने जाणार आहे. बोट ४१ फुटी असून पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेला माझा कॉलेजमित्र तिचा मालकही आहे आणि कप्तानही. आम्ही एकूण चौघे असू. अंतर सुमारे २,७०० सागरी मैल आहे आणि वारा साथ देईल त्याप्रमाणे अठरा ते चोवीस दिवस लागतील, असा त्याचा अंदाज आहे. गेली सहा वर्षे मी मांडवीच्या मुखाशी छोट्या बोटी चालवतो आणि एकदा गोव्याहून मुंबईपर्यंत शिडावर आलो आहे. त्या प्रवासाच्या दोन रात्रींत मिळून चार तासही माझा डोळा लागला नव्हता आणि पहिला दिवसभर मला बोट लागली होती. शिडे कशी लावावीत हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. मला विचारायचे आहे ते तिथल्या रोजच्या जगण्याबद्दल. झोप कशी मिळते, पाणी किती लागते, स्वयंपाक कसा होतो आणि चार माणसे एवढ्याशा जागेत इतके दिवस कशी नांदतात? ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना दर्यावर्दी:

मी तीस वर्षे व्यापारी जहाजांवर होतो आणि निवृत्तीनंतर हाच मार्ग दोन वेळा शिडाच्या बोटीने केला. आपण झोपेचा प्रश्न आधी विचारलात हे फार योग्य झाले, कारण बाकीच्या बहुतेक अडचणी अपुऱ्या झोपेतूनच सुरू होतात.

गोवा-मुंबई प्रवासात आपण जागून काढलेत, कारण दोन रात्री माणूस जागून काढू शकतो. वीस रात्री काढू शकत नाही. चौघे असाल तर रात्री आठ ते सकाळी आठ या बारा तासांचे तीन-तीन तासांचे चार पहारे करावेत. प्रत्येकाला एकच पहारा येतो आणि पुढचे-मागचे तास सलग झोपेसाठी मिळतात. मात्र पहिले तीन-चार दिवस शरीर हे वेळापत्रक मानत नाही. दुपारी झोप आली नाही तरी पडून राहा, डोळे मिटा. चौथ्या-पाचव्या दिवशी पाठ टेकताच झोप लागू लागते.

पहाऱ्याला पर्याय नाही, याचे कारण साध्या हिशेबात आहे. बसक्या बोटीच्या कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूपाशी बसण्याच्या उघड्या जागेतून, दिसणारे क्षितिज तीन-सव्वातीन मैलांवरच असते. मोठ्या जहाजाचे दिवे उंचावर असल्याने ते आठेक मैलांवरून दिसतात. ते जहाज वीस नॉटने (ताशी वीस सागरी मैलांनी) समोरून येत असेल आणि तुमची बोट सहा नॉटने जात असेल, तर तुमच्यातले अंतर संपायला जेमतेम अठरा मिनिटे लागतात. एकट्याने सागर ओलांडणारी माणसे वीस-वीस मिनिटांचा गजर लावून झोपतात, ती याच हिशेबावर. आपण चौघे आहात, त्यामुळे कुणी ना कुणी सतत टेहळणीवर असलेच पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतो. आसपासच्या नौकांची जागा आणि वेग रेडिओवरून दाखवणारे एआयएस यंत्र मदतीला असेल, पण सगळ्या नौका त्यावर दिसत नाहीत. दर दहा मिनिटांनी उठून चारही दिशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात, विशेषतः शिडाआड झाकली जाणारी बाजू.

झोपण्याच्या जागेबद्दल एक गोष्ट कप्तानाला आताच विचारून ठेवा. मागून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यावर बोट एका बाजूला कलून स्थिर राहत नाही, ती रात्रंदिवस दोन्ही बाजूंना झोके खाते. प्रत्येक बिछान्याच्या कडेला वर दोरीने ताणून बांधायचे जाड कापड लावलेले असावे. ते नसेल तर झोपेतही हातपाय स्वतःला सावरत राहतात आणि आठ तास पडूनही माणूस थकलेलाच उठतो.

आंजर्ले:

मी तीन वर्षांपूर्वी चौघांच्याच चमूत हा प्रवास केला. आम्हाला एकवीस दिवस लागले. पाणी आणि स्वयंपाक माझ्याकडे होता, म्हणून तेवढ्याबद्दल लिहिते.

पिणे आणि रांधणे मिळून माणशी रोज चार लिटर पाणी धरा. चौघांचे चोवीस दिवसांचे ३८४ लिटर होतात. बोटीवर खाऱ्याचे गोडे करणारे यंत्र असले तरी हा साठा भरूनच निघा, कारण यंत्र विजेवर चालते आणि वीज नेमकी कुठे अडेल ते सांगता येत नाही. सगळे पाणी एकाच टाकीत ठेवू नका. आमच्याकडे पाचव्या रात्री विजेच्या पंपावरचा एक नळ नीट बंद झाला नव्हता. सकाळी पाहिले तर सत्तरेक लिटर पाणी बोटीच्या तळाशी वाहून गेले होते. त्या दिवशी आम्ही तो पंप बंद केला आणि उरलेला सगळा प्रवास पायाने दाबायच्या पंपावर काढला. पाय दाबल्याशिवाय थेंब येत नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपण किती पाणी घेतो ते कळू लागले.

भांडी समुद्राच्या पाण्याने घासावीत आणि शेवटी कपभर गोड्या पाण्याने विसळावीत. भाताला पाण्याचा तिसरा हिस्सा समुद्राचा घातला तर वेगळे मीठ लागत नाही. पाऊस आला की शिडाच्या खालच्या कडेला बादली बांधता येते, पण पहिली काही मिनिटे शिडावरचे मीठ धुऊन जाऊ द्या. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा वाटेत त्यांच्या टाक्यांतले पाणी खराब झाले होते आणि पुढे ते पावसाच्या पाण्यावर राहिले. त्यांची ३२ फुटी ‘सुहेली’ आपल्या मुंबईतच सागवानात बांधलेली होती, हे आठवले की मला अजूनही बरे वाटते.

स्वयंपाकाला प्रेशर कुकर न्याच. त्याचे झाकण घट्ट बसते, त्यामुळे बोट कितीही कलंडली तरी उकळते अन्न अंगावर सांडत नाही. मुगाची खिचडी त्यात आठवड्यातून चारदा झाली आणि परदेशी सोबत्यांनी ती मागून खाल्ली. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, आमसुले भरपूर घ्या. कोबी, भोपळा, लिंबे आणि न धुतलेली अंडी फ्रीजशिवाय टिकतात. अंडी एक दिवसाआड उलटवायची. कांदे आणि बटाटे मात्र शेजारी ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात.

बोट लागण्याबद्दल: डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करा, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. पहिले दोन दिवस खाली केबिनमध्ये काम करू नका, सुकाणू मागून घ्या आणि नजर क्षितिजावर ठेवा. निघण्यापूर्वी दोन दिवसांचे जेवण शिजवून ठेवले तर कुणालाच शेगडीपाशी उभे राहावे लागत नाही.

मांडवीकाठ:

दोघांचे मनापासून आभार. कुकर माझ्या यादीत नव्हता, तो आता पहिल्या क्रमांकावर आला. ताई, चौघांच्या नांदण्याबद्दल आपण काही लिहिले नाहीत. शिवाय, भारतीय नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीवर २०२४-२५ मध्ये नौदल अधिकारी दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच आठ महिने पृथ्वीप्रदक्षिणेवर होत्या. दोनच माणसे असताना पहारे कसे जमत असतील?

आंजर्ले:

दोघे असतात तेव्हा एक झोपलेला आणि एक जागा, त्यामुळे एकत्र असे तास फारच थोडे मिळतात. चौघांत उलट होते, एकांत मिळत नाही. आमच्याकडे रोज सूर्यास्तापूर्वी चौघांनी कॉकपिटमध्ये एकत्र जेवायचे असे ठरले होते आणि ज्याला काही खटकले असेल त्याने तिथेच सांगायचे. सातव्या दिवशी एकाने सांगितले की, त्याचा मग रोज कुणीतरी वापरते. गोष्ट किती लहान, पण ती बोलून दाखवताना त्याचा आवाज कापत होता. त्या संध्याकाळी आम्ही प्रत्येकाच्या मगाला वेगळ्या रंगाची दोरी बांधली.

जुना दर्यावर्दी:

नांदणे बरेचसे पहारा बदलण्यावर अवलंबून असते, असे माझे स्पष्ट मत आहे. तीनचा पहारा असेल तर पावणेतीनला उठा आणि तीनला पाच कमी असताना कपडे घालून, हार्नेस (बोटीला दोरीने बांधून ठेवणारा अंगावरचा सुरक्षापट्टा) अडकवून कॉकपिटमध्ये हजर राहा. जो दहा मिनिटे उशिरा येतो, तो दुसऱ्याच्या झोपेतली दहा मिनिटे घेतो आणि थकलेला माणूस ते विसरत नाही. येणाऱ्याचे डोळे अंधाराला सरावेपर्यंत जाणाऱ्याने थांबावे. वाऱ्याची दिशा, दिसलेली जहाजे, काळे ढग कुठे आहेत, हे सांगूनच खाली जावे.

हार्नेसची दोरी पायऱ्यांवर असतानाच अडकवायची, बाहेर पाऊल टाकल्यावर नव्हे. रात्री कॉकपिट सोडून पुढे डेकवर जावे लागले तर आधी दुसऱ्याला उठवायचे, मग तो कप्तान का असेना. त्याची झोप मोडेल म्हणून संकोच करू नका; आपल्या मित्राशी हे लास पाल्मासच्या धक्क्यावरच बोलून घ्या.