मदत हवी आहे: लम्बर पंक्चरची (कमरेतून कण्यातलं पाणी काढायची) सुई पीएलएलमधून (पोस्टेरियर लाँगिट्युडिनल लिगामेंट) जाते का? उद्या व्हायव्हा (तोंडी परीक्षा)

अर्धा_बोनसेट:
कोणीतरी लवकर सांगा प्लीज. स्किनपासून सीएसएफपर्यंत (कण्यातलं पाणी) सुईच्या वाटेत कोणकोणती लिगामेंट्स (हाडं बांधणारे पट्टे) येतात त्याचा क्रम हवाय. सीनियरच्या नोट्समध्ये सुप्रास्पायनस, इंटरस्पायनस, फ्लेव्हम आणि मग पोस्टेरियर लाँगिट्युडिनल असं आहे, रूममेटच्या वहीत शेवटचं नावच नाही. सुई पाठीतून जाते आणि हे पोस्टेरियर (मागचं) आहे, मग ते वाटेत यायलाच पाहिजे ना? डायग्राम बघून अजून गोंधळ होतोय, सगळे साइडने काढलेले आणि पिवळा पट्टा (फ्लेव्हम) प्रत्येकात वेगळ्याच जागी. अख्खा चॅप्टर समजावू नका, तेवढा वेळ नाहीये.

कृष्णाकाठ:
कोणता कोर्स? एमबीबीएस, फिजिओ की नर्सिंग? आणि सुई मिडलाइनमधून की बाजूने? उत्तर बदलतं.

अर्धा_बोनसेट:
एमबीबीएस फर्स्ट इयर. मिडलाइन की बाजूने म्हणजे काय? नोट्समध्ये नुसतं एलपी (लम्बर पंक्चर) लिहिलंय.

शिरीषकाका:
बाळा, त्या सुईपासून लांबच रहा. माझं हर्नियाचं ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन केलं, तेव्हापासून कंबर धरते ती धरतेच. लिगामेंट एकदा सैल झालं की परत घट्ट होत नाही. गादी काढून टाक आणि फळीवर झोप, मी तेच करतो.

भूलवाली:
ॲनेस्थेशियाला (भूल विभागात) ज्युनियर रेसिडेंट आहे, ही सुई रोजच्या कामातली. पीएलएल वाटेत येत नाही, रूममेटची वही बरोबर आहे. बोन सेटमधला एक लम्बर मणका हातात घे. पुढे जाड बॉडी, मागे स्पाइन (हाडाचं टोक) आणि मधे भोक. पीएलएल बॉडीच्या मागच्या पृष्ठभागाला चिकटलेलं असतं, म्हणजे ते भोकाच्या आत, पुढच्या भिंतीवर. बॉडीच्या मागे, पण सॅकच्या (सीएसएफच्या पिशवीच्या) पुढे. फ्लेव्हम वरच्या लॅमिनाला (भोकामागची हाडाची पट्टी) खालच्या लॅमिनाशी बांधतं, म्हणजे ती झाली मागची भिंत. आता सुई मागून घाल. स्किन, त्याखालची चरबी, सुप्रास्पायनस, इंटरस्पायनस, फ्लेव्हम, एपिड्युरल स्पेस (सॅकबाहेरची जागा), ड्युरा, अरॅक्नॉइड (सॅकची दोन आवरणं), सीएसएफ, की थांबायचं. पीएलएलला टोक लागलं म्हणजे अख्खी सॅक आरपार झाली, तिथल्या शिरांच्या जाळ्यातून रक्त येतं आणि त्याच्या पुढे तर डिस्कच (मणक्यांमधली चकती).

हे सगळं मिडलाइनचं. पॅरामेडियन (मिडलाइनच्या बाजूने) असेल तर सुप्रा आणि इंटर दोन्ही चुकतात, सुई पाठीच्या स्नायूंतून थेट फ्लेव्हमला जाते. वयस्कर पेशंटची मागची लिगामेंट्स कडक झालेली असतात तेव्हा आम्ही तसंच जातो. फ्लेव्हममध्ये साधारण ८० टक्के इलास्टिन (ताणलं जाणारं प्रोटीन) असतं, त्याचाच तो पिवळा रंग. सुईला तिथे दाट लागतं आणि पार झालं की एकदम सुटल्यासारखं होतं, हे व्हायव्हात नक्की बोल.

ऋतुजा_फिजिओ:
काका, फळीचा सल्ला कृपा करून देऊ नका. २००३ साली लॅन्सेटमध्ये स्पेनमधल्या ३१३ कंबरदुखीवाल्यांचा ट्रायल आला होता, कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. माझ्याकडे फळीवर झोपून खांदे आणि खुबे धरलेले कितीतरी लोक येतात, फार वाईट वाटतं.

योगसाधक:
गादी राहू द्या, रोज कटिचक्रासन करा. कंबर दोन्हीकडे पूर्ण वळली की लिगामेंट्स मोकळी होतात.

ऋतुजा_फिजिओ:
कंबर पूर्ण वळत नाही हो. लम्बरचे फॅसेट जॉइंट्स (मणक्यांमधले मागचे छोटे सांधे) उभे आणि जवळपास सॅजिटल प्लेनमध्ये (पुढून मागे जाणाऱ्या पातळीत) असतात, वळायला गेलं की एका बाजूचा पृष्ठभाग दुसऱ्यावर जाऊन अडतो. एका लेव्हलला मिळतो एखाददोन अंश. वाकणं आणि सरळ होणं मात्र भरपूर. तुम्हाला वळल्यासारखं वाटतं ते छातीच्या मणक्यांतून आणि खुब्यांतून.

योगसाधक:
माझ्या वर्गातली माणसं वळताना डोळ्यांनी दिसतात. पुस्तकातला मणका आणि जिवंत माणूस यात फरक असतो.

कृष्णाकाठ:
दिसतं ते सगळ्याची बेरीज आहे. खुबे धरून ठेवा आणि मग किती वळतंय ते बघा. आणि बोनसेटवाल्या, तुझ्याकडे टी १२ (छातीचा शेवटचा मणका) असेल तर तो काढ, वरचे फॅसेट छातीच्या पद्धतीचे आणि खालचे कमरेच्या पद्धतीचे एकाच हाडावर दिसतील. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) तो हमखास हातात देतात.

माहितीप्रेमी:
मानेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. कवटी आणि पहिला मणका यांच्यात डिस्क नसते, पहिल्या-दुसऱ्यातही नसते. दुसऱ्याचा डेन्स (हाडाचा सुळका) वर पहिल्याच्या कड्यात जातो आणि ट्रान्सव्हर्स लिगामेंट त्याला मागून धरून ठेवतं. मान वळते त्यातलं निम्मं वळणं या एका सांध्यातून होतं आणि अती वळू नये म्हणून अलार लिगामेंट्स (डेन्सला कवटीशी बांधणारी) आडवी येतात. संधिवातात ट्रान्सव्हर्स ढिलं झालं तर डेन्स मागे सरकून कॉर्डवर (मज्जारज्जूवर) दाब येऊ शकतो.

अर्धा_बोनसेट:
मान नकोय आत्ता, प्लीज! भूलवाली ताई, मणका हातात घेऊन बघितला, पुढची भिंत मागची भिंत आता दिसली, थँक्यू. अजून एकच, लेव्हल (कोणत्या मणक्यांमधे सुई घालायची) विचारली तर? आणि सुप्रास्पायनस पार खालपर्यंत जातं का?

भूलवाली:
एल ३-एल ४ (कमरेचा तिसरा-चौथा मणका) किंवा एल ४-एल ५ सांग. दोन्ही इलियाक क्रेस्टच्या (कमरेच्या बाजूच्या हाडांच्या) वरच्या कडा जोडणारी रेघ साधारण एल ४ च्या स्पाइनवरून जाते, तिथून मोजायचं. मोठ्या माणसात कॉर्ड एल १-एल २ च्या आसपास संपते, त्याच्या खाली कॉडा इक्वायना (नसांचा झुबका). तान्ह्या बाळात ती एल ३ पर्यंत असू शकते, म्हणून तिथे अजून खालून जायचं. सुप्रास्पायनस सी ७ (मानेचा सातवा मणका) पासून बहुतेकांत एल ४ पर्यंतच येतं. सी ७ च्या वर त्याच्या जागी लिगामेंटम न्यूकी. त्यामुळे लेव्हल एल ४-एल ५ सांगितलीस आणि पुढचा प्रश्न आला तर हेही सांग, एक्स्टर्नल खूश होतील.

शिरीषकाका:
आणि माझ्या कंबरेचं काय? इंजेक्शननंतरच सुरू झालं, हे कोणी मानायलाच तयार नाही.

ऋतुजा_फिजिओ:
दुखणं खरंच आहे काका, पण नुसत्या त्या बारीक सुईने लिगामेंट सैल होत नाही. वेगळा धागा काढा आणि वय, कळ पायात उतरते का, किती चाललं की थांबावं लागतं, पुढे वाकलं की बरं वाटतं का, हे लिहा. लघवीवरचा ताबा जात असेल किंवा बसायची जागा बधिर वाटत असेल तर मात्र धागा काढत बसू नका, आजच हॉस्पिटलला जा.