मदत हवी आहे: फाइनवेर्कबाउ ८०० घेऊ की वाल्थर एलजी ४००?

नमस्कार मंडळी. १० मीटर एअर रायफल सुरू करून वर्ष झालं. क्लबची रायफल आम्ही चौघं वापरतो, त्यामुळे रोज बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) नव्याने जुळवायचा. काल गालाची पट्टी दोन मिलिमीटर खाली राहिली. डोळा साइटच्या (नेम धरायच्या भोकाच्या) मध्यावर येईना, मान ताणून नेम धरत होतो, आणि हे लक्षात यायला दहा शॉट गेले. आता स्वतःची घ्यायचीच.

दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असला तरी अचूकतेत दोन्ही कमी पडणार नाहीत, हे कळतं. खरी अडचण वजनाची. नियमात साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण मी अंगाने बारीक आहे. उभ्याने साठ शॉट मारताना चाळीस शॉटनंतर कंबर बोलायला लागते. तुमच्यापैकी सडपातळ नेमबाजांनी वजन किती ठेवलंय? अॅल्युमिनियमचा स्टॉक (नळी बसवलेला, हातात धरायचा सांगाडा) नवख्याला झेपतो का, की त्या ढीगभर स्क्रूंमध्ये पोझिशनच बसत नाही? मला लाकडी जास्त आवडला, हात लगेच स्थिरावला.

एक वापरलेलीही मिळतेय. हवेच्या सिलिंडरची मुदत पाहणारच. सील आणि ट्रिगरचं काय तपासू? कृपया स्वतः वापरलेल्यांनी सविस्तर सांगा.